भिगवणचे पक्षी, घरातली मुंज आणि गड : ७० हजारांत कोणता डीएसएलआर घ्यावा?

उंबरझरा

नमस्कार मंडळी. डीएसएलआर घ्यायचा आहे, सगळं धरून ७० हजारांच्या आत. वापर असा :

हिवाळ्यात भिगवणला होडीतून रोहित, चित्रबलाक, आणि एरवी रानातले बुलबुल-खंड्यासारखे छोटे पक्षी. घरचे कार्यक्रम, वैशाखात पुतण्याची मुंज आहे, केळवणं आणि ग्रहमख घरातच होणार. शिवाय महिन्याकाठी एखादा गड.

दुकानदार नवा निकॉन डी५६०० दोन लेन्ससकट देतोय (एएफ-पी १८-५५ आणि ७०-३००). वापरलेल्यांत निकॉन डी७२०० आणि कॅनन ८०डी बरेच दिसतात. मेगापिक्सेल तिन्हींचे २४च, मग फरक कशात पडतो? वापरलेला घेताना काय तपासायचं? डीएसएलआरचा जमाना संपला म्हणतात, तर मिररलेसच (आत आरसा नसलेला नवा प्रकार) घ्यावा का? राहायला चिपळूणला, त्यामुळे दमट हवेचीही काळजी आहे.

काचमाप

बॉडी शेवटी ठरवा. आधी पक्षी फोटोत केवढा पडणार ते काढा, कारण तुमचा बहुतेक पैसा तिथेच जाणार आहे. हिशोब सोपा आहे. सेन्सरची (फोटो टिपणाऱ्या चिपची) रुंदी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीतला आकडा), गुणिले अंतर. त्या अंतरावर फ्रेममध्ये किती रुंदीचा पट्टा मावतो ते यातून कळतं. या वर्गातल्या निकॉनचा सेन्सर २३.५ मिमी रुंद, कॅननचा २२.३.

लालबुड्या बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २० सेंमी. तो २० मीटरवर बसलाय असं धरा. ५५ मिमीने कॅननच्या फ्रेममध्ये ८ मीटरचा पट्टा येतो. फोटो ६००० पिक्सेल रुंद, त्यात बुलबुलाच्या वाट्याला जेमतेम १५० पिक्सेल. २५० मिमीने पट्टा १.८ मीटर, बुलबुल ६७० पिक्सेल. निकॉनवर ३०० मिमीने साधारण ७६५. ६०० मिमीने पट्टा ७८ सेंमीवर येतो आणि बुलबुल १५०० पिक्सेलचा होतो. मोबाईलवर दाखवायला ७०० पुरतात. पण पिसांचा पोत दिसायला हवा असेल, भोवती मोकळी जागा राखून ३५०० पिक्सेलचा तुकडा कापायचा आणि ए४ प्रिंट काढायची असेल, तर १५००ची गरज पडते. २४ आणि २० मेगापिक्सेलमधला फरक यापुढे किरकोळ आहे.

रोहित पक्ष्याचं गणित वेगळं. सव्वा मीटरच्या आसपास उंच पक्षी, तोही थव्याने. त्याला २५०-३०० मिमी चालते, उलट ६००ने थवा फ्रेमबाहेर जातो. होडीवाल्याला एवढंच सांगा की थव्यात घुसू नको. पक्षी माना वर करून एका बाजूला चालायला लागले की होडी तिथेच थांबवायची. उडवून काढलेल्या फोटोत पाठमोरे पक्षीच जास्त येतात, आणि त्यांचं चरणं मोडतं ते वेगळंच.

आता घर. इथे लोक डोळे झाकून ५० मिमी एफ/१.८ घेतात (एफचा आकडा लहान तितका लेन्समधून उजेड जास्त). तीन मीटर रुंदीची माणसांची रांग फ्रेममध्ये घ्यायला कॅननवर ५० मिमीने ६.७ मीटर मागे जावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीची लांब बाजू ३.६५ मीटर! २४ मिमीने तीच रांग ३.२ मीटरवरून येते. म्हणून कॅननला ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८जी सुंदर लेन्स आहे, पण तिलाही साडेचार मीटर लागतात. ती हॉलमधल्या मुंजीला उत्तम, घरातल्या ग्रहमखाला अपुरी.

पैशाची वाटणी मी अशी करेन : बॉडी २५ हजारांच्या आत, लांब लेन्सला ३५ ते ४०, उरलेल्यात कार्ड, जादा बॅटरी आणि लेन्स ठेवायचा कोरडा डबा.

पाणवठा

वरच्या हिशोबाशी पूर्ण सहमत. आता बॉडींतला फरक, कारण तोही पक्ष्यांच्याच वेळी जाणवतो.

डी५६०० (२०१६) : ३९ फोकस पॉइंट, त्यांतले ९ क्रॉस प्रकारचे (आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस पकडणारे). सेकंदाला ५ फोटो. बॅटरी धरून वजन ४६५ ग्रॅम, हा याचा खरा गुण. बॉडीत फोकस मोटर नाही, म्हणून ५० मिमी एफ/१.८डीसारख्या जुन्या एएफ-डी लेन्स यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. एक्स्पोजरच्या दोन आकड्यांसाठी (शटर आणि अ‍ॅपर्चर) मिळून एकच चकती आहे, त्यामुळे मॅन्युअल मोडवर अ‍ॅपर्चर बदलायला बटण दाबून तीच चकती फिरवावी लागते. पक्षी उडतो तेव्हा याचा त्रास होतो.

डी७२०० (२०१५) : ५१ पॉइंट, १५ क्रॉस. सेकंदाला ६ फोटो. मोटर बॉडीत, दोन कार्डांची सोय, धूळ-तुषारांपासून सील. लेन्स एफ/८पर्यंत अंधारी असली तरी मधला पॉइंट काम करतो. शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं.

८०डी (२०१६) : ४५ पॉइंट, एफ/५.६पर्यंतच्या लेन्सवर सगळे क्रॉस. सेकंदाला ७ फोटो. पडदा बाहेर वळतो, म्हणून गडावर जमिनीलगतचं रानफूल टिपायला पालथं पडावं लागत नाही. लाइव्ह व्ह्यूमधला (व्ह्यूफाइंडरऐवजी पडद्यावर बघून फोटो काढतानाचा) फोकस या तिघांत सर्वांत जलद, व्हिडिओलाही तोच उपयोगी. शटर एक लाखाचं.

विक्रेते डी७१००सुद्धा दाखवतील, ‘तोच कॅमेरा, थोडा जुना’ म्हणून. पक्ष्यांसाठी घेऊ नका. १४ बिट रॉमध्ये (सेन्सरवरची कच्ची फाइल) त्याचा बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती जागा, सहा फोटोंतच भरतो, म्हणजे थवा पाण्यावरून उठताना पहिल्या सेकंदानंतर कॅमेरा अडकतो. डी७२००मध्ये तेच १८ फोटो बसतात.

मुंजीसाठी एक गोष्ट ८०डीच्या बाजूने. कार्यालयातले बरेचसे एलईडी आणि ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्यांना कळत नाही, पण १/२५० सेकंदाला एका फोटोत उजेड पिवळट, दुसऱ्यात मंद, तिसऱ्यात अर्ध्या फ्रेमवर काळसर पट्टा असं होतं. ८०डीमध्ये फ्लिकर टाळायची सोय आहे, ती प्रकाशाच्या शिखराशी शटर जुळवते. डी७२००मध्ये फोटोसाठी ती नाही. तिथे शटर १/१०० किंवा १/५०वर ठेवायचं आणि मंगलाष्टकांनंतर अक्षता पडतानाचा क्षण बाहेरच्या फ्लॅशने, तो छताकडे वळवून, पकडायचा. छत पांढरं असेल तरच. लाल-पिवळ्या मांडवाखाली वळवला तर सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे होतात.

एएफ-पी लेन्सबद्दल सावधान. त्या डी५६००वर पूर्ण चालतात. डी७२००ला फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत लागतो, आणि डीएक्स एएफ-पी ७०-३००ची कंपन-रोधक सोय त्यावर बंद करता येत नाही, कारण लेन्सवर त्याचं बटणच नाही. डी७०००, डी९०, डी५१००वर तर त्या फोकसच करत नाहीत. कोणी ‘स्वस्तात डी७००० आणि नवी एएफ-पी’ अशी जोडी सुचवली तर सरळ नको म्हणा.

घाटवाट

पक्ष्यांच्या बोलण्यात गड मागे पडलाय. १५०-६०० लेन्स १.९ ते २ किलोची. डी७२०० बॅटरी-कार्डासह ७६५ ग्रॅम. पावणेतीन किलो गळ्यात घेऊन हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढता येत नाही, पाठपिशवीत ठेवला तर कॅमेरा दिवसभर बाहेर निघत नाही. याउलट ८०डी (७३० ग्रॅम) आणि ईएफ-एस ५५-२५० एसटीएम (३७५ ग्रॅम) मिळून ११०० ग्रॅम. वर्षातून भिगवणच्या दोन फेऱ्या आणि गड बारा, असं असेल तर २५० मिमीपासून सुरुवात करा आणि ६००ची लेन्स भिगवणपुरती भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळते. घेताना दुकानातच समोरची-मागची काच आणि फोकस तपासून, आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा.

मिररलेसबद्दल : कॅनन आणि निकॉन दोघांचे शेवटचे मोठे डीएसएलआर २०२०चे (१डी एक्स मार्क ३ आणि डी६). नवं संशोधन तिकडे होत नाही, हे खरं. पक्ष्याचा डोळा आपोआप पकडणं हा मिररलेसचा मोठा फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ७० हजारांत कॅननची नवी मिररलेस आर५० बॉडी घेतली की लांब लेन्सला पुरेसे पैसे उरत नाहीत, आणि वरचं बुलबुलाचं गणित डोळा पकडून सुटत नाही. बॅटरीचाही विचार करा : प्रमाणित चाचणीत डी७२०० एका चार्जवर १११० फोटो देतो, ८०डी ९६०. आर५०चा आकडा त्यांच्या निम्म्यापेक्षा कमी. दोन रात्रींच्या मुक्कामी ट्रेकला हे महत्त्वाचं.

पुढे मिररलेसवर जायचंच असेल तर आज घेतलेल्या लेन्स वाया जात नाहीत. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स आर मालिकेवर कंपनीच्या अडॅप्टरने ऑटोफोकससह चालतात. निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर मात्र मोटर नसलेला आहे, म्हणून एएफ-डी लेन्स निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवर हाताने फिरवाव्या लागतील. निकॉन घेतलात तर लेन्स एएफ-एसच (मोटर लेन्समध्येच असलेल्या) घ्या.

उंबरझरा

खूप मदत झाली. गड बारा आणि भिगवण दोन हे प्रमाण बरोबर ओळखलंत, पण रानातले पक्षी घराजवळ रोजचे आहेत, तिथे वजनाचा प्रश्न नाही. म्हणून ६०० मिमी विकतच घ्यावी असं वाटतंय. एका विक्रेत्याकडे डी७२००, ६२ हजार क्लिक, आणि टॅमरॉन १५०-६००ची पहिली आवृत्ती आहे. ‘आत थोडी धूळ आहे, फोटोत येत नाही’ म्हणतो. पाहायला जाताना काय काय करू?

काचमाप

दिवसा जा, तासभर काढून जा. सोबत टॉर्च (मोबाईलचा चालेल), स्वतःचं कार्ड, ट्रायपॉड, लॅपटॉप आणि पाच काडेपेट्या न्या.

आधी बॉडी. एक जेपेग काढून कार्ड लॅपटॉपवर लावा. निकॉन प्रत्येक फोटोच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) शटर काउंट (एकूण क्लिक) लिहितो, विक्रेत्याच्या शब्दावर राहायची गरज नाही. (कॅननचे बहुतेक मॉडेल तो फोटोत लिहीत नाहीत, कॅमेरा यूएसबीने जोडून वेगळं सॉफ्टवेअर लागतं.) ६२ हजार असेल तर दीड लाखाच्या मानाने छान. एक्झिफमधला सिरीयल नंबर, बॉडीखालचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. मेनूत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ३ किंवा ४ असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा.

लेन्स एफ/१६वर, फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो. काळसर ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. मग १/८००० सेकंदाला त्याच भिंतीचे दहा-बारा फोटो सलग. एखाद्यात जरी वरची किंवा खालची कड अंधारली तर शटरचे पडदे थकलेत. टोपी लावून, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १००, १० सेकंद : लाल-निळे तेजस्वी टिंब दोन-चार असणं चालतं, चांदणं पडल्यासारखं दिसलं तर नको. दोन्ही कार्डांच्या खाचा, फ्लॅशची दांडी, दोन्ही चकत्या, पडद्यामागचं प्रत्येक बटण वापरून बघा. पकडीचं रबर सुटून फुगलेलं असणं या मालिकेत नेहमीचं. बदलता येतं, पण भाव पाडायला हरकत नाही.

आता लेन्स. ‘थोडी धूळ’ ही धूळच आहे का, हे बघायचं. मागची टोपी काढा, टॉर्च मागून तिरपा मारा आणि समोरून, सरळ नव्हे तर कडेच्या कोनातून बघा. झूम १५० आणि ६०० दोन्हीकडे. धूळ सुट्या कणांची दिसते, ती खरंच फोटोत येत नाही. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी, मध्यापासून फुटलेल्या तंतूंची, बहुतेकदा काचेच्या कडेला. तिसरा प्रकार म्हणजे धुकटपणा : टॉर्च मारला की सगळी काच दूध सांडल्यासारखी पांढरी होते. बुरशी किंवा धुकटपणा दिसला की सौदा तिथेच थांबवा. बुरशी काचेवरचा लेप खाते. साफ केली तरी खाल्लेला लेप परत येत नाही, आणि बीजं राहिली तर कोकणच्या एका पावसाळ्यात ती पुन्हा पसरते.

शेवटी फोकस, आणि यात घाई नको. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा असतो, म्हणून एकेकटी निर्दोष बॉडी आणि लेन्स एकत्र आल्यावर फोकस पुढे-मागे पडू शकतो. पाच काडेपेट्या उभ्या ठेवा, एकामागे एक, प्रत्येकीत ५ सेंमी अंतर, थोड्या तिरक्या ओळीत म्हणजे पाचही दिसतील. कॅमेरा ट्रायपॉडवर, १५ मीटर लांब, ६०० मिमी, एफ/६.३, कंपन-रोधक बंद, मधला पॉइंट मधल्या पेटीवर. व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो, दर वेळी आधी फोकस हाताने बिघडवून. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये तेच तीनदा. या अंतरावर सुस्पष्टतेची खोली साधारण १६ सेंमी असते, म्हणून ५ सेंमीचं अंतर ठेवायचं. दोन सेंमीवर ठेवल्या तर पाचही स्पष्ट दिसतील आणि काहीच कळणार नाही.

लॅपटॉपवर पेट्यांवरची बारीक अक्षरं मोठी करून वाचा. लाइव्ह व्ह्यूतही अक्षरं मऊ असतील तर लेन्समध्येच दोष. लाइव्ह व्ह्यूत मधली पेटी स्पष्ट, पण व्ह्यूफाइंडरच्या पाचही फोटोंत मागची किंवा पुढची, असं असेल तर डी७२००च्या मेनूतल्या फोकस फाइन ट्यूनमध्ये दुरुस्त होतं (ही सोय डी५६००मध्ये नाही). पाच फोटोंत पाच वेगळ्या पेट्या स्पष्ट आल्या तर दोष ट्यूनिंगने जात नाही. सोडून द्या.

पहिल्या आवृत्तीची एक मर्यादा आधीच जाणून घ्या. डी७२०० एका लेन्ससाठी एकच दुरुस्ती साठवतो, ती मग १५० ते ६००, सगळीकडे लागू होते. सिग्माच्या १५०-६००ला यूएसबी डॉकने चार फोकल लेंग्थ आणि चार अंतरं मिळून १६ ठिकाणी वेगवेगळी दुरुस्ती देता येते. टॅमरॉनच्या दुसऱ्या आवृत्तीलाही तसं यंत्र आहे, पहिलीला नाही. म्हणून दुरुस्ती ६००वर करा, पक्ष्यांसाठी तेच टोक वापरणार आहात. ही लेन्स ६००ला एफ/६.३पेक्षा एफ/८ला जास्त कुरकुरीत असते, तेही बघून घ्या.

पाणवठा

उडत्या पक्ष्यांसाठी सुरुवातीच्या सेटिंग सांगून ठेवतो. मोड एम (मॅन्युअल), १/२०००, एफ/६.३, ऑटो आयएसओ कमाल ३२००. लख्ख उन्हात आयएसओ ३००-४००वर भागतं, पण भिगवणचा सकाळी सातचा कोवळा उजेड त्याच्या पावपट धरला तरी १२००-१३०० होतो. फोटोत रवाळ दाणा (नॉइज) दिसेल म्हणून शटर १/५००वर आणू नका. दाणा नंतर कमी करता येतो, पंखांची हललेली टोकं नाही. फोकस एएफ-सी (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस), डायनॅमिक ९ पॉइंट. ५१ पॉइंट मोकळे सोडले तर फोकस मागच्या लव्हाळ्यावर पळतो. फोकस अंगठ्याच्या बटणावर (एई-एल/एएफ-एल) नेमा, म्हणजे खंड्या बसलेला असताना अंगठा उचलायचा आणि उडाला की दाबून धरायचा.

कार्ड वेगवान पण साधं यूएचएस-१ घ्या. डी७२००ला यूएचएस-२चा वेग वापरताच येत नाही.

दर्याकिनारा

चिपळूणच्या हवेसाठी. कॅमेऱ्याच्या पिशवीत लेन्स साठवणं पहिलं बंद करा. पिशवीचा फोम आणि कापड ओल धरून ठेवतं, लेन्सबरोबर आलेली चामडी थैली तर सर्वांत वाईट. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, १५ ते २० लिटरचा, म्हणजे १५०-६०० आडवी मावेल. आत पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये हवा. ६०च्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशीला फावतं, ३०च्या खाली रबर आणि वंगण सुकतं, म्हणून जेल भरमसाट घालायचं नाही. निळे दाणे गुलाबी झाले की लोखंडी तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परता, पूर्ण गार करून मगच आत ठेवा. ओल्या रुमालाने पुसलेला कॅमेरा तसाच डब्यात घालू नका, आधी पंख्याखाली दोन तास.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की काचेवर आणि आरशावर दव धरतं. पिशवीची चेन बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या. आणि लेन्स आठवड्यातून एकदा तरी उजेडात काढून वापरा. वरची १५०-६०० पावसाचे चार महिने डब्यातच राहणार असेल तर दर पंधरा दिवसांनी काढा, झूम दोन्ही टोकांना फिरवा आणि तोच टॉर्च मारून बघा.